उभ्या गाडीचा एसी

मंडळी, गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: "गॅस संपला असेल." पुणं असो, जम्मू असो की बिकानेर, रस्त्याकडेचं गॅरेज हेच सांगतं. आपण गॅस भरून घेतो, पैसे देतो, घरी येईपर्यंत गाडी मस्त गार लागते. चार दिवसांनी कुठेतरी रेल्वे फाटकाशी दहा मिनिटं थांबावं लागतं आणि पुन्हा मानेवरून घामाची धार सुरू होते.

आज लिहितोय ते अशाच एका पिकअपबद्दल. तिच्यात त्या उन्हाळ्यात तीनदा गॅस भरून झाला होता आणि मुळात तिला गॅसची तक्रारच नव्हती.

ठिकाण महाजन फील्ड फायरिंग रेंज, जिल्हा बिकानेर. बिकानेरहून सुरतगडकडे निघालं की लूणकरणसर मागे टाकल्यावर हा इलाखा लागतो. आपल्यापैकी अनेकांनी तिथे तंबू ठोकलेले असतील, त्यामुळे वर्णन लांबवत नाही. वाळूच्या टेकड्या, फोगाची झुडपं, मधूनच एखादी खेजडी आणि दुपारी बारानंतर तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी लू. देशातलं नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान, ५१ अंश, १९ मे २०१६ रोजी फलोदीला नोंदलं गेलं. फलोदी आणि महाजन एकाच वाळवंटातली भावंडं. आम्ही होतो तेव्हा मे महिना होता आणि दुपारचा पारा ४४-४५ च्या आसपास असायचा.

फायरिंग मे महिन्यात का, असं सिव्हिलमधले मित्र विचारतात. रेंज मिळते तेव्हा जावं लागतं, हे एक उत्तर. दुसरं असं, की वाळवंटात लढायची वेळ आली तर ती डिसेंबर बघून येणार नाही.

रेंजच्या व्यवस्थेची जबाबदारी माझ्याकडे होती. फायरिंगचे दोन पॉइंट होते आणि दोन्हींत वाळूच्या रस्त्याने पाऊण तासाचं अंतर. अॅम्ब्युलन्स एक. लष्करी रुग्णालय तिथून दीड तासावर. आमच्या आरएमओ म्हणजे एक तरुण कॅप्टन, डोकं शांत आणि बोलणं मोजकं. पहिल्याच कॉन्फरन्समध्ये त्यांनी मुद्दा मांडला: अॅम्ब्युलन्स ज्या पॉइंटवर नसेल, तिथे उष्णतेने कोणी कोसळलं तर त्याला ठेवायला एक थंड जागा हवी. तंबू चालणार नाही, कारण दुपारी तंबूच्या आत बाहेरपेक्षा जास्त तापतं. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं, की एसी हा उपचार नव्हे. उष्माघाताचा उपचार म्हणजे अंगावर पाणी आणि वारा, तोही ताबडतोब, जिथे पडला तिथेच. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर एकेक मिनिट मोलाचं. आधी थंड करा, मग हलवा. पण पहिला भर ओसरल्यावर त्याला पुन्हा उन्हात किंवा तापलेल्या तंबूत ठेवलं, तर केलेलं सगळं पाण्यात.

दूरच्या पॉइंटवर भाड्याने घेतलेली एक डबल कॅब पिकअप ठेवायचं ठरलं. मालक आणि चालक एकच, जवळच्याच गावचा पंचविशीतला मुलगा. गाडी नीटनेटकी, टायर चांगले, वाळूत चालवायचा हात बसलेला. एसीबद्दल विचारलं तेव्हा त्याने कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं, "साब, चलती में तो बर्फ मारता है, खड़ी में भाप।"

इतकी नेमकी तक्रार मी आजवर भल्याभल्या जॉब कार्डांवर वाचलेली नाही. त्याने तीन ठिकाणची बिलंही दाखवली. तिन्ही ठिकाणी गॅस भरलेला आणि तिन्ही ठिकाणी मिस्त्रीने गाडी गावाबाहेर एक चक्कर मारून आणलेली. चक्कर मारताना एसी बर्फ मारत होता. मग काय, काम झालं, पैसे दे.

आम्हाला मात्र ती गाडी उभीच हवी होती. दुपारी, उन्हात, इंजिन चालू आणि चाकं थांबलेली.

आमच्याबरोबर एलएडीचे एक हवालदार होते, व्हेइकल मेकॅनिक, माणदेशातले. युनिटमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी पोराचं म्हणणं ऐकून घेतलं, बिलं बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "सर, गाडी पळतीय तवर गार, थांबली की गरम. म्हंजी गॅस हाय. वारं न्हाई."

खरं तर निदान तिथेच झालं होतं. पुढचा दीड तास त्याचा पुरावा गोळा करण्यात गेला. तो कसा केला ते सविस्तर सांगतो, कारण हीच तक्रार आपल्यापैकी कित्येकांच्या दारातल्या गाडीची असते.

आधी थोडं यंत्राबद्दल. एसी थंडी तयार करत नाही. तो केबिनमधली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबल्याने गॅस तापतो. तो तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये येतो. तिथे दाब एकदम कमी झाल्याने उकळतो आणि उकळताना केबिनची उष्णता शोषून घेतो. नेहमीच्या गाड्यांत असणारा आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो, म्हणून हे जमतं.

आता गोम इथे आहे. बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सरला उष्णता टाकायची असेल, तर त्याच्यातला गॅस ४५ पेक्षा बराच गरम हवा. साधारण ६५ अंश धरा. त्या तापमानाला या गॅसचा दाब सुमारे २६० पीएसआय भरतो. कंडेन्सरवर वारा नसेल तर उष्णता जाणार कुठे? गॅसचं तापमान चढतं, त्याबरोबर दाब चढतो. ८५ अंशांना तो ४०० पीएसआय ओलांडतो. बहुतेक गाड्यांत ४०० ते ४५० च्या आसपास एक स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, नाहीतर नळ्या फुटतील. कॉम्प्रेसर बंद झाला की ब्लोअर तेवढा फिरत राहतो आणि तोंडावर येतं ते वारं नुसतं पंख्याचं.

चालत्या गाडीला समोरून फुकटचा वारा मिळतो. ताशी ६० च्या वेगाला कंडेन्सरच्या पंख्याची उणीव जाणवतही नाही. शिवाय इंजिन २००० फेऱ्यांनी फिरत असतं, म्हणजे कॉम्प्रेसरही जोरात असतो. उभी गाडी ७५०-८०० फेऱ्यांवर घुटमळते आणि वाऱ्यासाठी पूर्णपणे स्वतःच्या पंख्यावर अवलंबून असते. म्हणून "चालताना गार, उभी असताना गरम" ही तक्रार ऐकली की पहिला संशय कंडेन्सरच्या वाऱ्यावर घ्यायचा. गॅस खरोखर कमी असेल तर गाडी चालतानाही पुरेशी गार होत नाही. उलट, सुरुवातीला गार आणि लांबच्या प्रवासात हळूहळू वारा बारीक होत जात असेल, थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक होत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तीन तक्रारी, तीन वेगळी कारणं. ऐकणाऱ्याने "कधी?" एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

उस्तादांनी सकाळी अकरा वाजता गाडी उघड्यावर उभी केली. सावलीत तपासायला त्यांनी साफ नकार दिला. पारा तेव्हा ४२ वर होता. एमआय रूममधून मागून आणलेला थर्मामीटर मधल्या जाळीत खोचला आणि एसी पूर्ण जोरात, हवा आतल्या आत फिरती ठेवून चालू केला.

पहिल्या दोन मिनिटांत जाळीतली हवा १९ पर्यंत उतरली. मग चढायला लागली. बाराव्या मिनिटाला २९. बॉनेट उघडून कान लावला तर कॉम्प्रेसरचा क्लच खट् करून लागायचा, काही सेकंदांनी खट् करून सुटायचा. गेज जोडलं. लाल काटा ३००, ३५०, ४०० पार, खट्. खाली २५० पर्यंत घसरला, पुन्हा खट्, पुन्हा चढण.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. इंजिन बंद असताना गेजवर दाब दिसला म्हणजे गॅस पुरेसा आहे, असं होत नाही. बंद गाडीत दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात आणि तो आकडा फक्त तापमान सांगतो. ३० अंशांना जवळपास १००, ४० ला सुमारे १३०. आत द्रवाचा थोडासा जरी अंश उरला असेल तरी तो आकडा तितकाच. घरगुती सिलिंडर अर्धा आहे की पाव, हे दाबावरून कळत नाही, तसंच हे. बंद गाडीला गेज लावून "प्रेशर ठीक आहे" म्हणणारा मिस्त्री आपल्याला हवामान सांगत असतो.

मग उस्तादांनी पाणी मागितलं. महाजनला पाणी टँकरने येतं, त्यामुळे भांडी धुतलेलं अर्धी बादली पाणी गाळून आणलं. समोरच्या जाळीतून ते हळूहळू कंडेन्सरवर ओतलं. आम्ही सगळे गेजकडे बघत होतो. लाल काटा उतरत उतरत २२० वर आला आणि तिथेच राहिला. खट्खट् थांबली. दोनेक मिनिटांत जाळीतली हवा १३ अंश. चालक पोरगा आत हात घालून हसायला लागला. पाणी वाळलं तसा काटा पुन्हा चढला.

म्हणजे कॉम्प्रेसर ठीक, व्हॉल्व्ह ठीक, गॅस आहे. कंडेन्सरला गारवा मिळाला की सगळं चालतं. वाऱ्याचाच प्रश्न, हे अर्ध्या बादलीत सिद्ध झालं.

पण पंखा तर फिरत होता. कंडेन्सरच्या पुढे बसवलेला विजेचा पंखा, एसी लावला की घरघर करत सुरू होणारा. तिन्ही मिस्त्र्यांनी तो ऐकला असणार. पंखा फिरतोय म्हणजे पंखा ठीक, असं धरून ते गॅसकडे वळले असणार.

उस्तादांनी जुन्या वर्तमानपत्राचं पान घेतलं आणि समोरच्या जाळीजवळ धरलं. पंखा जर बाहेरची हवा आत, कंडेन्सरकडे ढकलत असेल तर पान जाळीकडे ओढलं जाऊन चिकटायला हवं. पान उलट फडफडत आमच्याकडे आलं. पंखा उलटा फिरत होता.

चालकाला विचारलं. डिसेंबरात पंख्याची मोटर जळली होती, ती बदलून घेतली. नव्या मोटरचा सॉकेट जुन्याला बसेना, म्हणून गॅरेजवाल्याने वायर कापून पिळून टेप मारली. अशा मोटरचे दोन वायर अदलाबदल झाले की ती उलटी फिरते. आवाज तोच, करंट तोच, फक्त वाऱ्याची दिशा फिरते. इंजिनवरचा मोठा पंखा हवा मागे ओढतोय, पुढचा छोटा पंखा तीच हवा पुढे ढकलतोय आणि दोघांच्या ओढाताणीत मधला कंडेन्सर वाऱ्याविना. हिवाळ्यात एसी कोण लावतो? एप्रिल उजाडला तेव्हा त्या मोटरची आठवणही कुणाला नव्हती.

वायर बदलायला दहा मिनिटं लागली, त्यातली आठ जुनी टेप सोलण्यात. उस्तादांनी जोड पक्के केले, स्लीव्ह चढवली. पान जाळीला जाऊन चिकटलं. मग कंडेन्सर साफ केला. पात्यांमध्ये वाळू, चिलटं आणि सुकलेला चिखल असा थर होता. पाण्याचा जोर कमी ठेवायचा, नाहीतर पातळ पाती आडवी होतात, आणि शक्य तेवढं आतून बाहेर धुवायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाते.

दुपारी दोनला पुन्हा तपासणी. ४४ अंश, गाडी उभी. लाल काटा ३२० वर स्थिर, जाळीत १५ अंश. एक तास तशीच ठेवली. उस्तादांनी तासभर गाडीला कुणाला हात लावू दिला नाही.

३२० अजून जास्तच होता. कारण उघड होतं: तीन वेळा भरलेला जास्तीचा गॅस. तो कंडेन्सरमध्ये द्रव होऊन जागा अडवतो, गॅसला गार व्हायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. बॉनेटखालच्या पट्टीवर भरायचं वजन लिहिलेलं असतं. या गाडीत ६०० ग्रॅम. पुढे रसदीच्या फेरीबरोबर गाडी बिकानेरला गेली तेव्हा मशीनवर गॅस काढून मोजला, ७६० ग्रॅम निघाला. व्हॅक्यूम करून वजनाने भरल्यावर काटा २८० च्या आत आला. तो जादा गॅस रेंजवरच हवेत सोडून देता आला असता. उस्तादांनी ते केलं नाही, ते बरं झालं. या गॅसचा एक किलो हवेत सुटला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो जवळपास १४०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भरतो. आणि अंदाजाने सोडलेला गॅस म्हणजे पुन्हा अंदाजाने भरलेला गॅस.

दुसऱ्या दिवसापासून पिकअप दूरच्या पॉइंटवर उभी राहिली. ती उभी कशी करायची, याचेही नियम केले. तोंड नैऋत्येला, कारण त्या दिवसांत तिकडे वारं बहुतेक त्याच दिशेने येतं. पाठ वाऱ्याकडे केली तर इंजिनची गरम हवा पुढे वळून पुन्हा कंडेन्सरवर येते. नैऋत्येला तोंड म्हणजे दुपारनंतर काचेवर ऊन, म्हणून काचेवर बाहेरून ताडपत्री. कंडेन्सरची जाळी मात्र मोकळी. सायलेन्सरचं तोंड वाळूत रुतलेलं नाही, हे रोज बघायचं. ताडपत्री गाडीभोवती गुंडाळायची नाही, कारण इंजिनचा धूर आत शिरला तर गारव्यात झोपलेला माणूस उठत नाही. आत कुणी असेल तेव्हा बाहेर एक माणूस हजर आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी काच थोडा वेळ खाली. केबिनमध्ये थर्मामीटर टांगलेला, चालक पाव तासाने आकडा लिहायचा. डिझेल आमच्या नोंदीप्रमाणे तासाला सव्वा लिटरच्या आसपास गेलं. क्वार्टरमास्टरने भुवया उंचावल्या, पण सही केली.

सहाव्या दिवशी दुपारी एक वाजता मॉर्टर डिटॅचमेंटचा एक जवान बेस प्लेटजवळ गुडघ्यावर बसला तो उठेना. उलटी, पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. नाव विचारलं तर सांगत होता, जागा सांगत होता, पण जीभ जड. नर्सिंग असिस्टंटने ताप बघितला, ३९.४. बूट, शर्ट काढले, खेजडीच्या सावलीत निजवून ओल्या चादरी आणि पुठ्ठ्याने वारा. आरएमओ वायरलेसवर होत्या. त्यांच्याकडची अॅम्ब्युलन्स दुसऱ्या एका रुग्णाला घेऊन रुग्णालयाच्या वाटेवर होती. ताप ३८.५ वर आल्यावर, गिळता येतंय याची खात्री करून, त्यांनी त्याला पिकअपमध्ये घ्यायला सांगितलं. मागच्या सीटवर तो आडवा, नर्सिंग असिस्टंट पायाशी, हातात ओआरएसची बाटली.

तो आत गेल्यापासून आरएमओ स्वतः पोहोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. चाळीस मिनिटं गाडी जागेवरून इंचभर हलली नाही. बाहेर ४५ होते. चालकाच्या वहीत त्या काळातले तीन आकडे आहेत: २५, २४, २४.

जवान संध्याकाळी लंगरपर्यंत स्वतः चालत गेला. दोन दिवस लाइट ड्यूटी, मग पुन्हा डिटॅचमेंटवर. अकरा दिवसांत एकूण चार जण त्या सीटवर बसले किंवा निजले. चौघेही चालत उतरले.

यात कोणाचं शौर्य नाही. दोन वायरींची अदलाबदल आणि वर्तमानपत्राचं एक पान. पण मी बऱ्याच वेळा विचार करतो, की ती गाडी तीन वेळा "दुरुस्त" झाली होती. तीन कागदांवर तसं लिहिलेलं होतं. कुणी खोटं बोललं, असंही नाही. प्रत्येकाने एसी लावून बघितला आणि तो गार होता. फक्त गाडी जिथे कामी येणार होती त्या अवस्थेत ती कुणी बघितली नाही.

आपल्या फौजेतही हे चालतं, मंडळी. जनरेटर लोड न देता सुरू करून "ओके" लिहिला जातो. बॅटरीला मीटर लावला की १२.६ व्होल्ट दाखवते आणि स्टार्टर फिरवताना माना टाकते. रेडिओ सेट लाइनमध्ये शंभर मीटरवर छान बोलतो. तपासणीला सोयीची अवस्था एक आणि प्रत्यक्ष ड्यूटीची अवस्था वेगळी. उस्तादांनी सावलीत गाडी तपासायला नकार दिला, तेव्हाच मला त्यांच्या निदानावर भरवसा बसला. आमच्या रेंजच्या चेकलिस्टमध्ये त्यानंतर एक ओळ वाढली: "एसी वाहन: उभे, इंजिन आयडलवर, दुपारी, उन्हात, एक तास."

निवृत्त होऊन गावी, शहरात स्थायिक झालेल्या आणि स्वतःची गाडी स्वतः सांभाळणाऱ्या मंडळींसाठी थोडक्यात. एसी गार करत नसेल तर आधी ठरवा, कधी करत नाही. फक्त उभी असताना, तर जाळीसमोर कागद धरा. चिकटतो का, बघा. पंख्याजवळ बोटं नेऊ नका, इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो. कागद चिकटला तर कंडेन्सर घाणीने बुजलाय का, ते बघा. बादलीभर पाणी ओतून फरक पडतो का, बघा. गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून घाबरू नका. कोकणात धार लागते, राजस्थानच्या कोरड्या हवेत मे महिन्यात थेंबही पडत नाही आणि एसी उत्तम असतो. गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. खूप कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आधी गळती शोधायला सांगा आणि भरताना वजन करूनच भरायला सांगा. आणि बंद गाडीत मुलाला, म्हाताऱ्या माणसाला किंवा कुत्र्याला "दोनच मिनिटं" म्हणून ठेवू नका. उन्हातल्या बंद केबिनचं तापमान जे काही चढायचं असतं, त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच चढून जातं. एसी चालू ठेवून गेलात तरी नको. उभ्या गाडीचा एसी कधी दगा देईल, ते वर सांगितलंच.

गॅरेजमधून गाडी घ्यायला जाल तेव्हा मिस्त्री किल्ली हातात देऊन म्हणेल, "साहेब, एक चक्कर मारून बघा." चक्कर मारू नका. गाडी उन्हात लावा, एसी सुरू करा आणि त्याच्याकडे एक चहा मागवून तिथेच बसा. वीस मिनिटांनी जाळीपुढे हात धरा. मगच पैसे द्या.

जय हिंद.